टेपचं दुसरं टोक

जावईबापू, ती किल्ली जरा खिशात ठेवा. निघायचं तर निघा, मी अडवणारा कोण? पण साडेअकरा वाजलेत, आणि मघाशी तुम्ही म्हणालात ना, "काका, रात्री रस्ता मोकळा असतो, उलट बरं पडतं"... तेच वाक्य मी पस्तीस वर्षं कागदांवर वाचत आलोय. कुणाच्या तरी बायकोच्या जबाबात. कुणाच्या तरी बापाच्या. म्हणून म्हणतो, बसा. पोरी, तूही बस. दार लोटून घे. एक सांगतो, ऐका, आणि मग काय ते ठरवा.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलंय. त्यानेच मला सांगितलं, आणि तो माणूस तिखटमीठ लावून बोलणाऱ्यातला नव्हता. कसा होता ते सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवाल.

माझ्या पुतणीला ठाऊक आहे, जावईबापू, तुमच्यासाठी सांगतो. मी एका वकिलांकडे कारकून होतो. वकीलसाहेबांचं काम एकच, अपघाताचे दावे. गाडीने उडवलं, पाय गेला, कमावता माणूस गेला, की लोक आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढायचे. आणि अशा दाव्यात जागेचा नकाशा लागतो. रस्ता किती रुंद, वळण किती, खांब कुठे, गाडी कुठे थांबली. पोलीस काढतात एक, पण तो सकाळी घाईघाईत काढलेला असतो. म्हणून आमचा स्वतःचा नकाशेवाला होता.

उंच, काटकुळा, ताठ. खुर्चीवर बसला तरी पाठ टेकायचा नाही. सगळं कोर्ट त्याला फूटपट्टी म्हणायचं. तोंडावर. त्यालाही त्याचं काही नव्हतं, फोन उचलताना स्वतःच म्हणायचा, "हां, फूटपट्टी बोलतोय."

काचा झाडून झाल्या, रस्ता धुऊन झाला, की हा तिथे जायचा. चारेकशे जागा मोजल्या असतील त्याने. कधी चेहरा बदलला नाही. मी एकदा विचारलं होतं, "तुला काही वाटत नाही का रे?" तर म्हणाला, "वाटून घेतलं की आकडा चुकतो." एवढंच. पुन्हा पेन्सिलीला टोक करत बसला.

तर एक दिवस आमच्याकडे एक बाई आली. शिवणकाम करणारी. शाळांचे गणवेश शिवायची. बाहीला दोरे चिकटलेले होते, ते तसेच. तिचा नवरा छापखान्यात मशीनवर कामाला. वर्तमानपत्र छापून झालं की रात्री दीडला सुटायचा आणि स्कूटरवर घरी यायचा. अठरा वर्षं त्याच रस्त्याने. त्या रात्री वळणापलीकडे एक ट्रेलर उभा होता. टायर बसलेला, ड्रायव्हर मिस्त्री शोधायला गेलेला. अर्धा रस्त्यावर. स्कूटर मागून त्याच्यात घुसली. दोन वाजून दहा मिनिटांनी. तो आकडा त्याच्या मनगटावरच्या घड्याळात थांबला होता.

माणूस उडून कडेच्या चरात पडला. साडेपाचला दुधाचा टेम्पो आला, त्याच्या ड्रायव्हरला चपला दिसल्या, म्हणून तो उतरला. मधल्या सव्वातीन तासांत कुणी उतरलं नाही. गाड्या गेल्या नसतील असं नाही. मुख्य रस्ता आहे तो.

नवरा वाचला. म्हणजे... श्वास चालू होता. खाटेवर होता. डोळे उघडे असायचे. बोलणं नाही, ओळख नाही, हात हलत नाही, पाय हलत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असंच राहणार.

हे सगळं तिने कसं सांगितलं, माहितीय? दुसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं. आवाजाला चढ नाही, उतार नाही. डोळे कोरडे ठणठणीत. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर तिने तो घेतला आणि हातात धरून ठेवला. शेवटपर्यंत प्यायली नाही.

वकीलसाहेबांनी विमा कंपनीकडून आलेला एक कागद काढला. ट्रेलरचा विमा ज्यांच्याकडे होता, त्या कंपनीचा.

"ही सही तुमचीच?"

"हो."

"यात लिहिलंय, यजमान दोन पाळ्या करून येत होते, झोपेत होते. ट्रेलरचे मागचे दिवे चालू होते. तुम्ही वाचलं होतं?"

"नाही."

"मग सही का केलीत, ताई?"

तिने पेला दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "त्यांनी पेन दिलं."

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. कुणीतरी पेन हातात दिलं, बोट ठेवून दाखवलं, हिने सही केली. जावईबापू, एवढं तरी आजच्या रात्रीतून घेऊन जा. अशा वेळी कुणी कागद पुढे केला तर हात पाठीमागे बांधायचे. सही आठ दिवसांनी होते, महिन्याने होते, माणूस कुठे पळून जात नाही.

पण तिने केली होती. आणि कंपनी म्हणत होती, दिवे चालू होते, मागे लाल त्रिकोण ठेवला होता, ऐंशी मीटरवरून दिसत होतं. माणूस झोपेत येऊन आदळला. चूक त्याची.

साक्षीदार कोण? टेम्पोवाला साडेपाचचा. त्याने सांगितलं, दिवे बंद होते. कंपनी म्हणाली, तोवर बॅटरी उतरली असेल. मिटलं.

एकच गोष्ट आमच्या बाजूची होती. पोलिसांच्या पंचनाम्यात, अगदी खाली, एक ओळ होती. 'ट्रेलरच्या मागे स्कूटरच्या ब्रेकची खूण, लांबी चार मीटर.' बाकी कुणी त्या ओळीकडे बघितलंसुद्धा नव्हतं. फूटपट्टीने बघितलं. पेन्सिल आपटून म्हणाला, "झोपलेला माणूस ब्रेक दाबत नाही."

मग त्याने आम्हाला हिशोब करून दाखवला. जाग्या माणसाला समोर काही दिसलं, तर दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत थोडा वेळ जातो. स्कूटर ज्या वेगाने चालते त्या वेगाने तेवढ्यात सातएक मीटर जातात. पुढे खुणेचे चार. म्हणजे त्या माणसाला ट्रेलर दिसला तो अकरा मीटरवर. दिवे चालू असते तर ऐंशीवर दिसला असता. "आता एवढंच बघायचं," तो म्हणाला, "की दिवे नसताना, त्या अंधारात, स्कूटरच्या उजेडात, तिथली गाडी दिसते किती मीटरवरून. ते अकरा आलं, तर दिवे बंद होते आणि माणूस जागा होता. दोन्ही."

"आणि नाही आलं तर?" वकीलसाहेब म्हणाले.

"तर जे येईल ते लिहीन."

तसाच होता तो.

अपघात अमावास्येच्या आदल्या रात्रीचा. म्हणून फूटपट्टी तशाच रात्रीची वाट बघत थांबला. ती आली मार्चमध्ये. बुधवार संपून गुरुवार लागला होता. दुसऱ्या टोकाला टेप धरायला नेहमी त्याचा मेहुणा असायचा, पण नेमकी त्या संध्याकाळी मेहुण्याची पाठ धरली, उठता येईना. वकीलसाहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात कर. पण पुढच्या आठवड्यात तारीख होती. हा म्हणाला, "कडी आहे ना टेपला. अडकवीन कुठेतरी."

आपली छोटी व्हॅन घेऊन निघाला. रात्री एक वाजता तिथे पोचला. एका बाजूला खडकाची भिंत, कापून रस्ता काढलेला. दुसऱ्या बाजूला चर आणि पलीकडे काटेरी झुडपं. दिवा एकही नाही. ट्रेलर जिथे उभा होता तिथे डांबरावर अजून तेलाचा डाग होता. त्याने व्हॅन बरोबर तिथे लावली, मागे काळी ताडपत्री बांधली, म्हणजे काच किंवा रेडियमची पट्टी चमकायला नको. आणि वळणाच्या अलीकडे, लांब, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लुकलुकणारे दिवे ठेवले. येणाऱ्याला कळावं म्हणून. सगळं नीट.

मग त्याने पिशवीतून स्कूटरचा हेडलाइट काढला. तसल्याच स्कूटरचा. बॅटरीला जोडला, हँडलच्या उंचीवर धरला, आणि मागून चालत यायला लागला. दोन वाजून दहा मिनिटांनी. मुद्दाम.

चालतोय. वळण आलं. समोर काळं. नुसतं काळं. अजून काळं.

आणि मग एकदम ताडपत्रीची कड.

तो थांबला. पायाशी खडूने रेघ ओढली. पुन्हा मागे गेला, पुन्हा आला. तीनदा केलं. तीन रेघा एकमेकींच्या वीतभर अंतरात.

आता मोजायचं. हेडलाइट विझवून ठेवला, बॅटरी वाचवायला. कपाळावर छोटी बॅटरी होती, तिच्यात आकडे वाचता यायचे, बाकी काही नाही. पोलादी टेपची कडी व्हॅनच्या बंपरला अडकवली, खडूच्या रेघेपर्यंत आला, ताणली. सुटली. खण्ण. गेला, अडकवली, आला. ताणली. सुटली. ताडपत्रीवरून घसरत होती. चौथ्या वेळी त्याला वैताग आला. तो कधी वैतागायचा नाही. टेपचं पलीकडचं टोक तसंच रस्त्यावर पडू दिलं, आणि एक हात कंबरेवर ठेवून उभा राहिला. कडीवर ठेवायला दगड शोधावा म्हणून वाकला.

तर हातातली टेप सरकली.

त्याला वाटलं, वारा. वारा नव्हता.

टेप जमिनीवरून उचलली गेली. सावकाश. ताठ झाली. आणि मग... दोन बारीक झटके आले. टुक, टुक.

जावईबापू, तुम्ही कधी टेपने मोजलं असेल तर तुम्हाला कळेल. पलीकडचा माणूस शून्य नीट बसवतो आणि दोन झटके देतो. म्हणजे, 'बसलं, वाच.' दगड झटके देत नाही. बंपर देत नाही. माणूस देतो.

फूटपट्टीने वाचलं. आणि सवयीने, बघा, तीस वर्षांच्या सवयीने, आकडा मोठ्याने बोलला.

"अकरा."

पलीकडून आलं, "अकरा."

मोजणीत असंच करतात. धरणारा आकडा परत बोलतो, म्हणजे ऐकण्यात चूक नको. आवाज कसा होता, मी विचारलं. तो म्हणाला, "आवाज असा नव्हताच. नळातून पाणी यायच्या आधी हवा येते ना... तसं."

"मग तू काय केलंस?"

"लिहून घेतलं."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो माझ्याकडे बघतही नव्हता. रेकॉर्ड रूममध्ये बसलो होतो आम्ही, दोन कपाटांच्या मध्ये, दुपारी. तो म्हणाला, "भीती वाटायला पाहिजे होती. मी वाट बघितली तिची. आली नाही. आतून सगळं बधिर. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, आहे पण आपला नाही... तसं अंगभर."

म्हणून त्याने काम चालू ठेवलं. रस्त्याची रुंदी घ्यायची होती. तो कडेला गेला आणि बोलला, "डावीकडे." टेप डावीकडे सरकली. टुक, टुक. "साडेसहा." ... "साडेसहा." मग खडकाची भिंत. मग चराची कड. पाच मापं घेतली. पाचही वेळा झटके आले. पाचही वेळा आकडा परत आला. त्याने एकदाही कपाळाची बॅटरी तिकडे वळवली नाही.

"का नाही वळवलीस?"

त्याने एका फायलीचा बंद सोडला, परत बांधला. मग म्हणाला, "मोजणी बिघडली असती."

पाचवं माप झालं. चराच्या कडेपर्यंतचं. झालं, म्हणून त्याने वही मिटली आणि म्हणाला, "झालं. सोडा."

सुटली नाही.

"सोडा."

नाही.

त्याने हलकेच ओढली. पलीकडूनही ओढली गेली. जोरात नाही. हलकेच. याने जेवढी ओढली, तेवढीच.

मग टेप खाली गेली. चराकडे. खाली. जमिनीच्या पातळीला. जणू पलीकडचा माणूस खाली बसला. मग... आडवा झाला.

आणि तसाच धरून राहिला.

झटके नाहीत. आवाज नाही. नुसता ताण. हातातला ताण जिवंत असतो, पोरी. गाईच्या गळ्यातली दोरी असो, लहान मुलाचं बोट असो. पलीकडे कुणी असलं की कळतं.

टेप टाकून निघून जाता आलं असतं. व्हॅन दहा पावलांवर होती. किल्ली खिशात होती.

त्याने टाकली नाही.

मी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "सोडवेना." एवढाच शब्द.

तो तिथेच खाली बसला. डांबरावर. तीन वाजले. एक मोटार आली, लुकलुकणारे दिवे बघून हळू झाली, याला बसलेला बघितलं, आणि वेग वाढवून गेली. साडेतीन. एक ट्रक. थांबला नाही. चार. हात बदलावासा वाटला, बदलला नाही. पलीकडून ताण कमी झाला नाही, जास्त झाला नाही. साडेचार... पाच...

त्याने मला सांगितलं, "मी काही बोललो नाही. काय बोलणार? पण मध्येच एकदा मी जरा ओढलं. बघायला. आहे का म्हणून. तर त्यानेही ओढलं. तोही तेच बघत होता."

साडेपाचला वळणावर उजेड दिसला. दुधाचा टेम्पो. उजेड भिंतीवरून फिरला, रस्त्यावरून फिरला, चरात गेला.

टेप ढिली पडली.

चरात कुणी नव्हतं. गवत होतं, तेही दबलेलं नव्हतं. कडी मातीत पडली होती. याने टेप गुंडाळली, ताडपत्री सोडली, दिवे गोळा केले, आणि घरी जाऊन दाढी केली.

काय म्हणालीस, पोरी? त्या माणसाचं भूत?

अगं, तो माणूस जिवंत होता. मी सांगितलं की. घरी, खाटेवर. बायको शेजारी.

...

पुढचं ऐका. पुढच्या आठवड्यात साक्ष झाली. फूटपट्टीने नकाशा दाखल केला. दिसण्याचं अंतर, अकरा मीटर. कंपनीचा वकील उठला. हुशार माणूस. नकाशा उलटसुलट केला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मोजणीला सोबत कोण होतं?"

"मेहुणा येणार होता. आला नाही."

"मग अकरा मीटरची टेप एकट्याने कशी ताणलीत? दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

फूटपट्टी बोलेना.

तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मागच्या बाकावर फायली घेऊन बसलो होतो. मला वाटलं, याला ऐकू आलं नाही. न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार, उत्तर द्या. बंपरला अडकवली होती का?"

हो म्हणाला असता तर संपलं होतं. एक शब्द. कुणी शोधायला जाणार नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "घसरत होती."

"मग कुणी धरली?"

"कुणीतरी धरली."

"कोण?"

पंख्याचा आवाज येत होता. टंकलेखक बोटं वर धरून थांबला होता. शिवणकामवाली बाई पुढच्या बाकावर होती, तिने मान वळवून याच्याकडे बघितलं. त्या सगळ्या महिन्यांत तिने मान वळवून कुणाकडे बघितल्याचं मला आठवत नाही.

"मला दिसलं नाही, साहेब," फूटपट्टी म्हणाला. "अंधार होता."

कोर्ट हसलं. कंपनीचा वकील तर खूश झाला. आणि खुशीत माणूस एक प्रश्न जास्त विचारतो. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या हातातली टेप धरून उभा असलेला माणूस, अकरा मीटरवरचा, तुम्हाला दिसला नाही? इतका अंधार?"

"नाही दिसला. इतका अंधार."

न्यायाधीशांनी मान वर केली. हसू थांबलं. त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेतलं, आणि म्हणाले, "पुन्हा मोजा. कोर्टाचा माणूस मोजेल. तशाच रात्री, त्याच वेळेला. दोन्ही बाजू हजर राहा."

तसं झालं. पुढच्या अमावास्येच्या आदल्या रात्री आम्ही आठ जण तिथे होतो. कंपनीचा वकील स्वेटर घालून आला होता, दर दोन मिनिटांनी जांभई देत होता. मोजणी कोर्टाच्या कमिशनरने केली. दुसरं टोक मी धरलं. फूटपट्टी लांब उभा होता, हात मागे बांधून.

काही झालं नाही. टेप ती टेप. मी शून्य बसवलं, झटके दिले. कमिशनर ओरडला, "अकरा मीटर, चार सेंटिमीटर!" मी आकडा परत बोललो. कंपनीच्या वकिलाची जांभई अर्धीच राहिली.

दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला. सगळी चूक ट्रेलरची धरली. दवाखान्यातला तो सहीचा कागद न्यायाधीशांनी बाजूला काढला. लिहिलं, अशा अवस्थेतल्या बाईची सही म्हणजे संमती नव्हे. निकालाच्या दिवशी वकीलसाहेबांनी तिला समजावून सांगितलं, आता उपचाराची काळजी नाही, एक बाई ठेवता येईल, तुम्हाला रात्री झोपता येईल. ती म्हणाली, "बरं." पिशवी उचलून गेली.

तिच्या सह्या हव्या होत्या, म्हणून मी आणि फूटपट्टी तिच्या घरी गेलो. तोवर नोव्हेंबर लागला होता. तो का आला कोण जाणे. त्याचं काही काम नव्हतं. रिक्षात बसल्यावर त्याने मला म्हटलं, "तुला रेकॉर्ड रूममध्ये सांगितलं ते... कुणाला सांगू नकोस." इतकी वर्षं नाही सांगितलं. आता तोही नाही.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, निळ्या गणवेशांचा ढीग. आतल्या खोलीत खाट. तिचा नवरा उताणा. डोळे छताला. चादर छातीपर्यंत, स्वच्छ. खोलीत साबणाचा वास. तिने सगळं टापटीप ठेवलं होतं.

मी कागद पुढे केले. तिने या वेळी प्रत्येक ओळ वाचली. ओठ हलवत. मग सह्या केल्या.

फूटपट्टी खाटेजवळ उभा होता. म्हणाला, "ताई, यांच्या हाताला काय झालं?"

उजव्या हाताला पट्टी होती. बोटांवर.

"ते होय," ती म्हणाली. तोच आवाज. चढ नाही, उतार नाही. "मार्चपासून आहे. एका सकाळी बघितलं तर होतं. रात्री मी शेजारीच होते, जरा डोळा लागला होता. नर्स विचारते, कशाने कापलं? मी काय सांगू? यांना चमचासुद्धा धरता येत नाही." ती वाकली, पट्टी सोडायला लागली. "औषध बदलून झालं. मलम झालं. बघा तुम्हीच, तुम्हाला कळतंय का काही."

पट्टी सुटली.

चार बोटांवरून एकच रेघ. सरळ. बारीक. पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ.

मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "चादरीची शिवण रुतली असेल."

फूटपट्टी पुढे सरकला. त्याने स्वतःचा उजवा हात उघडला. त्या हाताशेजारी धरला. नुसता धरला, बोटाला बोट लावून.

त्याच्या चार बोटांवरून तीच रेघ गेली होती. तेवढीच सरळ. तीन-साडेतीन तास पोलादी टेप ताणून धरली की पडते तशी. त्याची कधीच भरून आली होती. नुसता पांढरा वण उरला होता.

खाटेवरची अजून ओली होती.